सोडजोड

साकीनाक्याच्या गाळा नंबर सतरामधून
भिकाजी घाडी आला तेव्हा
शर्टाच्या खिशात, विडीच्या बंडलाला लागून,
पेपरात गुंडाळलेला पितळेचा तुकडा होता.
"लावून बघा," म्हणाला.
स्टूल पुढे केलं तरी बसला नाही.

आमच्याकडे जोड म्हणजे काचेत काच,
घासून खरखरीत केलेली,
वर ग्रीसचं एक बोट, अर्धा पीळ,
आणि भरवसा नसेल तर तांब्याची तार.
धरायचा. इतका धरायचा
की शनिवारी लावलेला सोमवारी सुटायचा नाही.
मग गरम फडकं, लाकडी दांड्याने टकटक,
दस्तूर सरांची गुजराती शिवी,
अगदी हळू, काचेला ऐकू जाऊ नये म्हणून.
सुटला तर सुटला.
नाहीतर मान मोडलेला चंबू पिशवीत घालून
मी प्रिन्सेस स्ट्रीटला, तसाच दुसरा शोधत.

एका रात्री चंबू आतूनच तापत गेला.
भोवती बर्फ होता, तरी पारा चढत होता.
"नळी काढा, बाई, नळी!" इलियास ओरडला.
एका हाताने धरून दुसऱ्याने मी पिळत होते
आणि जोड
सुटेना.
आवाज फार झाला नाही,
पंगतीत पेला पडावा तेवढाच.
माझ्या मनगटावर पांढरी रेघ आहे, बांगडी बसते तिच्यावर.
इलियासच्या उजव्या डोळ्याला
आता फक्त उजेड कळतो.

हे घाडीला कुणी सांगितलं ठाऊक नाही.
त्याच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी,
मधली तीन गिरणीच्या फिटिंग खात्यात, प्रेसखाली.
"दोन हात लागतील असं मी काही बनवत नाही," म्हणाला.
"यंत्राला धरायला शिकवावं लागत नाही, बाई.
सोडायला लागतं."

पितळेची बाही, आत स्प्रिंग, सहा छर्रे,
रबराचं कडं. बस.
रात्रभर पंप लावून ठेवला.
सकाळी काटा जिथल्या तिथे.
साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही.
मग मी अंगठ्याने बाही मागे ओढली:
टिच.
नळी हातात.
दस्तूर सरांनी अकरा वेळा काढली, अकरा वेळा लावली,
फाउंटन पेनच्या टोपणाशी चाळा करावा तशी,
आणि शिवी दिली, या खेपेला मोठ्याने.

बिलावर घाडीने लिहिलं: सोडजोड, सहा नग.
हिशेब खात्याच्या कुडाळकरांनी परत पाठवलं,
असा माल यादीत नाही, कपलिंग लिहा.
घाडीने तेच बिल पुन्हा पाठवलं,
खाली एक ओळ वाढवून:
पैसे सावकाश द्या, नाव राहू दे.
मी त्या शब्दाचा बरेच दिवस विचार केला.
सोडचिठ्ठी. उदक सोडलं. सोडून गेला.
त्यातल्या त्यात सोडमुंज बरी,
पण तीही बटूला कोण विचारतो?
सोडणं कुणी जोडून दिलेलं
मी तोवर ऐकलं नव्हतं.

पैसे साडेतीन महिन्यांनी निघाले.

सहातले दोन उरलेत.
खाऱ्या हवेने एकाची स्प्रिंग गेली, एक कुणी घरी नेला,
दोनांचं काय झालं आठवत नाही.
पेन्शनच्या कागदांसाठी इलियास येतो
तेव्हा न विचारता ड्रॉवर उघडतो.
मुलीच्या सासरचं सांगत राहतो,
मुंब्र्याच्या पाण्याचं, नव्या चष्म्याच्या किमतीचं,
आणि टेबलाखाली त्याची बोटं आपली
टिच. टिच.
"दे रे आता, पंप सुरू करायचाय."
"सोडतो, सोडतो," म्हणतो,
आणि आणखी एकदा
जोडतो.